ऐकायची जागा

हेदकोंडात हैबती उतेकराचं घर विचारलंत तर कुणीही दाखवील, पण हैबती या नावानं नाही. "पायरीवाल्याचं ना? त्या देवळाच्या खालच्या अंगाला, गोठ्याला लागून," असं म्हणतील आणि वर जरासं हसतील. पूर्वी त्या हसण्यात नुसती चेष्टा असायची. चेष्टेला हैबती कधी बधला नाही, उलट आपल्याला नाव पडलं याचं त्याला आतून बरंच वाटायचं. आता लोक हसतात ते वेगळं, आणि तेही त्याला कळतं.

पायरी हे नाव त्याच्या स्पीकरच्या डब्यांवरून पडलं. उमरठच्या रस्त्यावरून वर चढलं की लागणाऱ्या या कोंडात भात आणि नाचणी करणारी घरं. निम्म्यांना कुलूप, ती शिमग्याला आणि गणपतीला उघडतात. अशा ठिकाणी स्पीकरचे डबे करणारा माणूस निपजावा हेच मुळात नवल. हैबती पोरसवदा असताना मुंबईला गेला, ग्रँट रोडच्या एका कारखान्यात फळ्या कापायला लागला, आणि तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराच्या नादानं त्याचा कान बिघडला. बिघडला असंच म्हणायचं. सुधारला असता तर पुढचं काही झालं नसतं.

डब्यात खाली मोठा स्पीकर असतो. ढोलकीची थाप, पखवाजाचा घुमारा, पुरुषाच्या आवाजातलं जाडपण, हे सगळं त्यातून येतं. वर एक लहान असतो. टाळ, चिपळ्या आणि आपण बोलतो त्यातले च, ट, स, श त्याच्यातून. दोघे एकाच फळीवर बसवले की दिसायला सगळं सरळ, पण मोठ्याचा जीव आत खोल, मागच्या चुंबकापाशी असतो आणि लहानग्याचा अगदी पुढे. म्हणजे एकाच शब्दाचे दोन तुकडे होऊन ते मागेपुढे कानाशी येतात. आधी शब्दाची कड येते, मग त्याचं पोट. हा फरक पापणी लवायला लागते त्याहून कितीतरी कमी, त्यामुळे तो कुणाला वेगळा कळत नाही. फक्त तासभर ऐकलं की माणूस दमतो आणि का दमला ते त्याला सांगता येत नाही. हैबतीनं म्हाताऱ्याकडून शिकून डब्याचा वरचा भाग मागे सरकवला, घराच्या पायरीसारखा. खालचा पुढे, वरचा मागे, म्हणजे दोघांचा आवाज कानाशी एका वेळी. असा डबा घेऊन तो गावी परतला तेव्हा लोकांना वाटलं, सुतारकाम चुकलंय.

पोट भरायला त्यानं पोलादपूरच्या नाक्यावर गाळा घेतला आणि लग्नाच्या वरातीत वाजणारे डबे करायला लागला. महाड-बिरवाडीकडचे साउंडवाले यायचे. त्यांचं मागणं एकच, छाती हलली पाहिजे. हैबती मुकाट्यानं छाती हलवणारे डबे करून द्यायचा आणि संध्याकाळी शटर अर्धं ओढून आपला पायरीचा डबा जुळवत बसायचा.

हे जुळवणं बघण्यासारखं असे. दोघांपैकी एकाची वायर तो मुद्दाम उलटी जोडी, म्हणजे एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. मग जो सूर दोघेही सारख्याच जोरानं काढतात तेवढाच सूर, शिट्टीसारखा, डब्यात सोडायचा आणि समोर ऐकायच्या जागी जाऊन बसायचं. वरचा स्पीकर केसभर मागे, पुन्हा जाऊन बसायचं, केसभर पुढे, पुन्हा बसायचं. करता करता एक जागा अशी येते की ती कर्कश शिट्टी एकाएकी खाली बसते, विहिरीत टाकल्यासारखी. दोघे इतके बरोबर आलेले असतात की एकमेकांना गिळून टाकतात. मग वायर सुलटी केली की तेच दोघे एकजीव होतात. हैबतीची बायको माधुरी या शिट्टीला वैतागून बिरवाडीला मुलाकडे राहायला गेली, ती सणापुरतीच यायची. मुलगा तिथं एमआयडीसीत कामाला आणि भाड्याच्या खोलीत. खोली अंधारी असली तरी शिट्टी नाही, असं ती म्हणे.

घरात मग राहिली हैबतीची थोरली बहीण, राहीबाई. खरं तर ही गोष्ट तिच्या भाताच्या खाचराची आहे.

आई गेली तेव्हा हैबती अंगावर पीत होता. राहीबाईनं त्याला काखेत मारून शेणपाणी केलं, भात लावला, चूल सांभाळली. पुढे तिला वरंधला दिलं. मूलबाळ झालं नाही. नवरा गेला आणि दिरांनी तिला एका ट्रंकेसह गाडीत बसवून दिलं. बापानं तेव्हा एक चांगली गोष्ट केली. सोमजाईच्या देवळासमोर गाव जमवलं आणि देवळाखालचं ओढ्यालगतचं खाचर लेकीला दिलं म्हणून बोलला. गावकीनं तीनदा विचारलं, कुणाची हरकत आहे का. कुणाची नव्हती. नारळ फुटला आणि खाचर राहीबाईचं झालं. कागदोपत्री त्या जमिनीवर पणजोबापासूनची नावं आहेत आणि त्यातले निम्मे भाऊबंद कुठे आहेत हेही कुणाला माहीत नाही. पण कागद कोण बघतो? हेदकोंडात देवळासमोरचा बोल तोच कागद.

त्या खाचरात ती पावसाळ्यात भात करी आणि भात निघाला की जमिनीत उरलेल्या ओलीवर कडवे वाल टाकी. तिच्या वालाला पोलादपूरच्या बाजारात लोक नाव घेऊन विचारत. भावाच्या घरात राहून भावाचं खात नाही, हे तिला उभं आयुष्य म्हणता आलं ते या खाचरावर. भावाबहिणीचं भांडण झालं की ती आपल्या भाताच्या कणगीकडे बोट दाखवी, मग हैबतीचं तोंड बंद होई. भांडण कशावरूनही होई आणि मिटेही. त्याच्या वेडाला गावात पाठीशी घालणारी तीच एकटी होती.

देवळात आधी पिंपळावर टांगलेला एक जुना लोखंडी भोंगा होता. कर्कश होता, नाकात बोलल्यासारखा यायचा, पण सांगायचं ते खालच्या शेतापर्यंत कळायचं. मुंबईकरांनी देवळाला नवा मंडप घातला, फरशी घातली, वर पत्रा घातला, तेव्हा हैबतीनं आपण होऊन सांगितलं, डबे माझे. दमडीही घेणार नाही. गावकीचा प्रमुख कोंडाजी, मुंबईत गोदीत नोकरी करून परतलेला, म्हणाला, "कर. पन आवाज एकदम क्लिअर पायजे." भोंगा खाली आला. तो हैबतीनंच काढला आणि गोठ्यात टाकला. राहीबाईच्या कोंबडीनं त्याच्यात अंडी घालायला सुरुवात केली.

डबे करायला त्याला दोन पावसाळे लागले. मग ते मंडपात दोन बाजूंना उंचावर बसवले आणि जुळवायची वेळ आली. इथं एक गोष्ट सांगायला हवी. असे डबे सगळ्या जागांसाठी जुळत नाहीत. ज्या जागी बसून जुळवाल, तिथंच शब्द एकसंध येतो. बाजूला सरका, खाली बसा, की एका स्पीकरचं अंतर कमी होतं आणि दुसऱ्याचं वाढतं, सगळी जुळणी गेली. म्हणून एक जागा धरावी लागते. हैबतीनं धरली ती मंडपाच्या मधोमध, कोंडाजीच्या खुर्चीमागची. तिथंच त्याचं आवाजाचं मशीन ठेवायचं टेबल. ही जागा का, असं त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानं स्वतःलाही विचारलं नाही. पुरुष मंडपात बसतात, ऐकायचं ते मंडपात, हे इतकं उघड होतं की त्यात ठरवण्यासारखं काही नव्हतं.

बायका बसतात डाव्या अंगाच्या पडवीत. ती मंडपाहून बरीच खाली, डाव्या डब्याच्या ऐन पायथ्याशी. तिथं बसलं की मोठा स्पीकर डोक्यावर आणि मागे सरकवलेला लहानगा आणखीच लांब. शब्दांच्या कडा वरच्या वर निघून जात आणि खाली नुसता घुमारा उतरे. त्यावर पलीकडच्या डब्याचा आवाज उशिरा येऊन आदळे.

नवरात्रातल्या पहिल्याच भजनानंतर राहीबाई म्हणाली, "हैबती, तुज्या डब्यातनं आमाला नुसतं हू हू येतं. काय बोलतात ता कळत नाय."

"तुमी पार खाली बसता गो बाय. ती ऐकायची जागा नाय."

"मग आमी कुठं बसायचं?"

त्यावर तो हसला. तिनं विनोद केला असं त्याला वाटलं.

"भोंगा बरा व्हता," ती म्हणाली. "खाचरात वाकून काम करताना बी कळायचा."

हे मात्र त्याला झोंबलं. पुढे कितीतरी दिवस तो तिच्याशी तुटकच वागला. उपाय त्याला माहीत नव्हता असं नाही. पडवीत एक लहानसा वेगळा डबा टांगला असता तरी भागलं असतं, एका दुपारचं काम. पण त्या डब्याचा आवाज मंडपात झिरपला असता, मधल्या जागी अवेळी पोचला असता, आणि इतक्या कष्टानं जुळवलेला शब्द गढूळ झाला असता. तेवढ्यासाठी त्यानं तो टांगला नाही. माणूस वाईट नव्हता हो, पण हे त्यानं जाणूनबुजून केलं.

शिमगा आला. मुंबईकर आले, गाड्या आल्या, आणि गाड्या लावायला जागा नाही म्हणून रस्त्यावर भांडणं झाली. पालखी घरोघर फिरत होती तेव्हा हैबती रिकाम्या देवळात शिट्टी लावून बसला होता. दुसऱ्या दिवशी गावकीची बैठक, मंडप प्रथमच गच्च भरणार, आणि माणसं भरली की आवाज शोषला जातो म्हणून त्याला शेवटचा केसभर फरक काढायचा होता. पालखी त्याच्या अंगणात आली तेव्हा घरचा पुरुष म्हणून ती खांद्यावर घ्यायला तो नव्हता. शेजारच्या गोमाजीनं खांदा दिला. राहीबाईनं देवीपुढे नारळ-तांदूळ ठेवले आणि कुणी विचारलं त्याला, देवीचंच काम करतोय, असं सांगून वेळ मारून नेली.

बैठकीच्या सकाळी तिनं चहाचा कप त्याच्या पुढ्यात ठेवला आणि ती तिथंच बसली.

"आज माज्या खाचराचं काढनार म्हनतात. मुंबईकरांना गाड्या लावायला पायजे."

"कोन म्हनतं?"

"गोदूबाय म्हनली. तिच्या घरात बोलनं झालं. हे बघ, बायांनी गावकीत बोलायचं नसतं, माज्या घराचा बोल तू हायस. पयल्या हाकेला उभा रा आनि हरकत हाय म्हन. बाकी काय बोलू नको, तेवढंच म्हन."

"म्हनतो गो."

"नुसतं म्हनतो नको. ध्यान दे."

"बाय, मधी बसनार हाय मी. माज्याएवढं कुनाला ऐकू येनार हाय?"

ती हसली आणि उठली. भाऊ मध्ये बसणार याचा तिला आधारच वाटला.

देवळात कोंडाजीनं त्याला पाहिल्याबरोबर जवळ बोलावलं. "पायरीवाले, आज तुज्या डब्यांची परीक्षा. तू बस मधी आनि डोळं मिटून ऐक. काय कमीजास्त वाटलं तर हात कर." हे तो सहज बोलला की ठरवून बोलला, ते त्याचं त्याला ठाऊक. माझं मत विचाराल तर कोंडाजी आयुष्यात सहज असं काही बोललेला नाही.

हैबती टेबलापाशी बसला. गुरवानं गाऱ्हाणं घातलं. मग कोंडाजी उभा राहिला, त्यानं माइक तोंडाशी धरला आणि पाण्याच्या टाकीच्या साफसफाईपासून सुरुवात केली.

आणि ते झालं. तीस वर्षं हैबती ज्याच्या मागे होता ते त्या सकाळी, भरल्या मंडपात झालं. डावा डबा नाहीसा झाला, उजवा नाहीसा झाला. आवाज कुठून येतोय ते कळेना. समोर मोकळ्या हवेत कोंडाजी उभा होता, हातभर अंतरावर, आणि बोलत होता. त्याच्या छातीतला जाडपणा आणि ओठांवरचं प, ब एकाच क्षणी येत होतं, एका माणसाचं असावं तसं. हैबतीनं डोळे मिटले ते मिटलेच. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. म्हातारा कारागीर आज असता तर, असं त्याच्या मनात आलं.

टाकीचा विषय झाला, घंटेच्या वर्गणीचा झाला. मग कोंडाजी म्हणाला, देवळाखालचं ओढ्यालगतचं खाचर देवीच्या कामाला, भक्तांच्या गाड्यांसाठी, भरून सपाट करावं असं गावचं म्हणणं आहे. हैबतीनं ऐकलं. खाचर. ख मधला श्वास वेगळा आला, च कसा सुरीनं कापल्यासारखा स्वच्छ, आणि मागचा र मोकळा. हाच च पूर्वी फाटायचा. केसभर मागे घेतलं ते बरोबर ठरलं.

"कुनाची हरकत हाय का?"

ह नुसता वारा असतो, तो पकडणं सगळ्यात अवघड. हैबतीला तो वारा गालाला लागल्यासारखा वाटला.

"कुनाची हरकत हाय का?"

या खेपेला त्यानं त वर ध्यान दिलं. त आला आणि संपला. मागे शेपूट नाही, घुमारा नाही. मंडपात माणसं किती शांत बसली आहेत याचंही त्याला समाधान वाटलं. खोकलं असतं कुणी तर त हातचा गेला असता.

"कुनाची हरकत हाय का?"

पडवीत राहीबाई आवाजाच्या दिशेनं मान पुढे काढून बसली होती. वरून हू हू येत होतं. तिनं शेजारच्या गोदूबाईला विचारलं, काय म्हणतात. गोदूबाई म्हणाली, घंटेचं चाललंय वाटतं. राहीबाईनं कठड्यावरून मंडपात पाहिलं. भाऊ मधोमध बसला होता, डोळे मिटून, सगळं अंग कानाशी आणून. तो इतकं मन लावून ऐकतोय हे बघून तिचा जीव भांड्यात पडला. विषय निघाला की उठेल.

नारळ फुटला. माइक जवळच होता. तो कडाका दोन्ही डब्यांतून एक होऊन आला आणि हैबतीच्या टाळूत बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा त्यानं डोळे उघडले. टाळ्या कशासाठी ते त्यानं विचारलं नाही, ते त्याला माहीतच होतं. कोंडाजी वळून म्हणाला, "मानलं बाबा. शब्द न् शब्द क्लिअर." हैबतीनं ओल्या डोळ्यांनी हसून त्याला हात जोडले.

हे हात जोडणं पडवीतून स्वच्छ दिसलं. त्याला आवाज लागत नव्हता.

बैठक मोडली. राहीबाई पायऱ्या उतरून अंगणात आली तर कोंडाजी समोरूनच आला आणि म्हणाला, "राहीबाय, नशीबवान हायस गो. देवीचं काम तुज्या खाचरातनं झालं." ती मंडपाशी गेली. जन्मात कधी चढली नव्हती त्या पायऱ्या चढून वर गेली. हैबती वायर गुंडाळत होता.

"माज्या खाचराचं निघालं व्हतं?"

त्याचे हात थांबले. मग त्याला सगळं आठवलं. एकेक शब्द, जसा आला तसा, एकही गाळलेला नाही. त्या मंडपात इतकं नीट दुसऱ्या कुणालाच आठवलं नसतं.

"निघालं," तो म्हणाला.

"तू ऐकलंस?"

"ऐकलं."

"तीनदा इचारलं?"

"तीनदा."

"मग?"

खोटं बोलायचं सुचलं असतं तरी बरं होतं. झोप लागली म्हणाला असता, पोटात दुखलं म्हणाला असता. त्यानं खरं ते सांगितलं.

"आवाज लय चांगला येत व्हता गो बाय."

हे तोंडातून बाहेर पडलं आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. राहीबाई ओरडली नाही, रडली नाही. तिनं एकदा वर डब्याकडे पाहिलं, एकदा खाली पडवीकडे. "आमाला हू हू येत व्हतं," एवढं म्हणाली आणि घरी जाऊन तिनं चूल पेटवली. शिमग्याचा सण होता, बिरवाडीहून माधुरी आणि मुलगा-सून नुकतीच येऊन पोचली होती, त्यांना जेवायला घालायचं होतं.

हैबती कोंडाजीकडे गेला. जाऊन उपयोग नाही हे माहीत असूनही गेला, आणि गेला नसता तर निदान पुढचं ऐकावं लागलं नसतं. कोंडाजी खाटेवर बसून पान लावत होता.

"नारळ फुटला हैबती. मी एकदा नाय, तीनदा इचारलं. आता ऐकू नाय आलं म्हनशील?"

"ध्यान नव्हतं."

"ध्यान नव्हतं? आख्खा गाव बघत व्हता, डोळ्यातनं पानी काडून ऐकत व्हतास. मला वाटलं, बहिनीच्या हातनं पुन्य व्हतंय म्हनून भरून आलं तुला. मग हात बी जोडलास." त्यानं पान तोंडात टाकलं. "बापानं तुज्या याच देवळात बोलून दिलेलं ना खाचर? मग त्याच देवळात गेलं. ह्यात माजं काय?"

यात खोटं काहीच नव्हतं. फुटलेल्या नारळाला आडवं जायचं म्हणजे घर वाळीत. उद्या मेलं तर तिरडीला चार खांदे मिळायचे नाहीत. कागद काढायचा तर त्यावर राहीबाईचं नावच नाही. हैबती खाली मान घालून परत आला. इतकी चीड आणणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि चीड कोंडाजीची येत नाही, हैबतीची येते. कोंडाजीला जमीन हवी होती, त्यानं ती घेतली. याला काय हवं होतं? त चा शेवट स्वच्छ.

पाऊस लागायच्या आत मुरमाचे डंपर आले. ओढ्याच्या कडेनं दगड लावले, खाचर भरलं, वर रोलर फिरला. राहीबाईनं पुढच्या हंगामासाठी राखेत घालून ठेवलेलं वालाचं बी मडक्यासकट गोदूबाईला देऊन टाकलं. त्या वर्षी ती दुसऱ्यांच्या भातलावणीला मजुरीनं गेली. साठी उलटलेली बाई, लावणीच्या ओळीत मागे पडायची. हैबतीनं जाऊ नको म्हटलं तर म्हणाली, "मग खाऊ कुनाचं?" ती त्याच्याशी बोलायची थांबली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती बोले. जेव म्हणे, पाणी काढलंय म्हणे, गुरं आणलीस का विचारी. फक्त भात वाढताना पूर्वीसारखं स्वतःला आधी वाढून घेईनाशी झाली. त्याचं होईपर्यंत थांबे, आणि उरलं तर खाई.

वर्षभर त्यानं डब्यांना हात लावला नाही. पुढल्या शिमग्याच्या आधी मात्र तो शिडी घेऊन देवळात गेला. डबे सोडवले, खाली वाकवले, पडवीकडे वळवले, उजवीकडचा पार अलीकडे आणला. मग पडवीत, राहीबाई बसायची त्याच ठिकाणी, फरशीवर मांडी घालून बसला आणि शिट्टी सोडली. तिथल्या फरशीला ओल येते आणि पाठीला टेकायला काही नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं. उठताबसता गुडघ्यांची दैना झाली. दिवस कलायला आला तेव्हा कुठे शिट्टी खाली बसली. त्यानं वायर सुलटी केली, आणि सणाआधीच आलेल्या एका मुंबईकर बाईकडून माइकवर काहीतरी वाचून घेतलं. शब्द न् शब्द आला. मंडपात आता हू हू येत होतं.

बैठकीच्या आदल्या दिवशी भजनाला कोंडाजीनं खुर्चीतूनच हाक मारली. "हैबती, हे काय गढूळ येतंय? काय कळत नाय."

"ती ऐकायची जागा नाय," हैबती म्हणाला.

आजूबाजूचे दोघेतिघे हसले. कोंडाजी हसला नाही. बैठकीला महाडहून भाड्याचा साउंड मागवायचं त्यानं तिथल्या तिथं ठरवलं. हैबतीनं वाद घातला नाही. त्याला तेवढं एक भजन पुरे होतं. तो लगबगीनं घरी आला. राहीबाई गोठ्यात होती. जुन्या भोंग्यात कोंबडी बसली होती आणि राहीबाई तिच्या पोटाखाली हात घालून अंडं चाचपत होती.

"बाय, चल भजनाला. पडवीत आता शब्द न् शब्द कळतो. तुज्या जागेवर बसून जुळवलाय मी."

तिनं अंडं काढलं, पदराला पुसलं. देवळात जाऊन तिला वर्ष झालं होतं.

"आता ऐकन्यासारखं काय रायलंय रे तिथं?" ती म्हणाली. रागानं नाही, खरंच विचारत होती. मग ती अंडं घेऊन आत गेली.

हैबती गोठ्याच्या दारात तसाच उभा राहिला. मुंबईकर यायला लागले होते. खाली खाचरात गाड्या लागत होत्या, कुणीतरी कुणाला अजून मागे घे, अजून मागे घे, म्हणत होतं. मुरमावर चाकं करकरत होती, दारं आपटत होती, एक इथं, एक ओढ्याच्या कडेला, प्रत्येक आपापल्या वेळेनं. त्याला सगळं नीट ऐकू येत होतं.